मैदानाला पाच चकरा

आजवर मी सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे. "चल, मैदानाला पाच चकरा." दारव्ह्याच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षांपासून शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. मुलांच्या भाषेत पीटीचे सर. दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काही लिहा म्हटलं की आमच्या खात्यातली माणसं जिंकलेल्या ढालींबद्दल लिहितात. ढाली आमच्याही कपाटात आहेत. कबड्डीचा संघ जिल्ह्यापर्यंत गेला होता, सव्वीस जानेवारीची लेझीम बघायला भिंतीवर माणसं चढायची. पण ते लिहायला बसलो की माझा हात थांबतो. मला प्रल्हादबद्दल लिहायचं आहे.

त्याआधी आमचा धंदा थोडा समजावून सांगतो. लोकांना वाटतं, पीटीचा सर म्हणजे रोज व्यायाम करणारा माणूस. तसं नसतं. हलवायाला जशी मिठाई खाववत नाही, तसं आमचं होतं. सकाळी फाटकात उभं राहायचं, उशिरा येणारे अडवायचे, रांगा सरळ करायच्या, नखं बघायची, आणि परीक्षा जवळ आली की आपला तास गणिताच्या सरांना देऊन टाकायचा. मी स्वतः शेवटचं पळलो ते लग्नाआधी. त्यानंतर शिट्टी वाजवली. पोट सुटलं ते ट्रॅकसूटमध्ये दिसत नाही, हा त्या कपड्याचा मोठा गुण आहे.

तरी गावात कुणाला व्यायाम सुरू करायचा असला की तो माझ्याकडेच येतो. एका निवृत्त तलाठ्यांनी पहिल्याच दिवशी चाळीस दंड मारले आणि पुढचे चार दिवस त्यांना शर्टाची बटणं त्यांच्या सौ. लावून देत होत्या. आमच्याच शाळेतल्या एका सरांनी पावलं मोजणारं यंत्र मोबाईलमध्ये घेतलं. त्यांची पावलं रोज दहा हजारांवर. सगळे चकित. नंतर कळलं, सर तो मोबाईल नातवाच्या पाळण्याला बांधून पेपर वाचत बसायचे. मी या गोष्टी स्टाफरूममध्ये रंगवून सांगायचो. हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडली, त्या आठवड्यात फाटकाशी एक बाई थांबल्या.

"सर, मी शोभा, पूनमची आई. आठवीतली पूनम चव्हाण. तिचे पप्पा तुमचेच विद्यार्थी जी. प्रल्हाद. यवतमाळची जीप चालवते ते."

"बरं. पूनमचं काही काम होतं का?"

"पूनमचं नाही, त्यायचंच आहे. साखर लय वाढली. डोयाचे डॉक्टर म्हणते, मांगच्या पडद्यावर डाग येऊन राह्यले. साखर आटोक्यात नाही आली तं गाडी सोडा लागन म्हणते." बाई एवढं सांगून पदराशी चाळा करत राहिल्या. "गोया घेते टायमावर. पण सकायी चालाले जा म्हटलं का तोंड फिरवून झोपते. तुमी एकदा सांगून पाहा न सर. तुमाले मानते ते."

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. विद्यार्थी अजून आपल्याला मानतात, या खुशीत मी संध्याकाळी जीप स्टँडवर गेलो.

प्रल्हाद स्टिअरिंगवर हात टाकून गिऱ्हाइकांची वाट बघत बसला होता. अडतिशीचा, अंगाने भरलेला, डोळ्यांखाली सूज. मला बघून खाली उतरला. "बसा सर, पुढची सीट खाली आहे. यवतमाळले का?"

"नाही रे. तुझ्याकडेच आलो. तू सकाळी चालायला जात जा, असं सांगायला."

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "किती चकरा मारू सर?"

शेजारचा जीपवाला खो खो हसला. मीही हसलो, पण कशाला हसतोय ते मला कळलं नव्हतं. प्रल्हादच्या लक्षात आलं.

"एक सांगू का सर? राग नका येऊ देजा. आमचा तांडा किती लांब आहे, मालूम होतं का तुमाले तवा?"

"असेल पाच-सहा किलोमीटर."

"शनवारी सकायची शाळा राहे. साडेसातले बेल. मी साडेपाचले घरून निंघो, पायी. नाल्याले पाणी असलं का वरून फिरून या लागे. मंग लेट. अन् फाटकात तुमी उभे. पाच चकरा." तो हे सगळं हसत हसतच सांगत होता. "शायेच्या मांगं राह्यणारा पोरगा दात घासत येऊन लायनीत लागे. त्याच्यासाठी तुमी टाया वाजवाले लावा. टायमावर आला म्हणून. एका शनवारी मी चौथ्या चकरेले खालीच बसलो. तुमी म्हटलं, ही शिक्षा नाही रे, व्यायाम आहे, तब्येत बनते. तवाच मनात ठरवलं, मोठा झालो का पायी चालाचं नाही. गाडी शिकलो ते त्याच्यासाठीच. अन् आता तुमीच म्हणता, चाल."

तेवढ्यात दोन प्रवासी आले, गाडी भरली, आणि "जातो सर" म्हणून तो निघून गेला.

त्या रात्री मी तो शनिवार आठवायचा प्रयत्न करत बसलो. मला सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे की मला तो मुलगा आठवत नव्हता. कितीही आठवलं तरी चौथ्या चकरेला खाली बसलेलं कुणी डोळ्यांपुढे येईना. इतकी मुलं मी पळवली होती की त्यात एक बसलेला मुलगा हरवून गेला. इतर सर शिक्षा करायला छडी वापरायचे. मी माझा विषयच छडीसारखा वापरला. गणिताच्या सरांचा विद्यार्थी निदान गणिताला नाही, छडीला घाबरायचा. माझी मुलं चालण्या-पळण्यालाच शिक्षा समजून शाळेबाहेर पडली, आणि आज त्यांना डॉक्टर लिहून देतात, रोज चाला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टँडवर गेलो. म्हटलं, "प्रल्हाद, मी येतो सोबत. तू म्हणशील तिथून परत फिरू."

"तुमी चालसान?"

"चालेन."

"रोज?"

"रोज."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ट्रॅकसूटने त्याला फसवलं नाही. "चला मंग," तो म्हणाला. "आठ दिवस पाहू, तुमी टिकता का."

माझा विद्यार्थी चालायला आला तो मला दमलेलं बघायला. मी म्हटलं, चालेल, कसाही येऊ दे.

पहाटे साडेपाचला पाण्याच्या टाकीजवळ भेटायचं ठरलं. पहिल्या दिवशी आम्ही फक्त दहा मिनिटं चाललो. त्याला आश्चर्य वाटलं. "बस? एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. व्यायामाची सवय लावणं म्हणजे अंगाला घाम काढणं नव्हे, हे मी पुस्तकात कधीच वाचलं होतं, केलं मात्र नव्हतं. पहिले पंधरा दिवस व्यायाम इतका कमी करावा की न करायला कारणच सापडू नये. वेळ आणि जागा बदलू नये. बूट आदल्या संध्याकाळी दारात काढून ठेवावेत. चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला, आणि गाणं म्हणता आलं तर कमी. आणि दमायच्या आधी परत फिरावं, म्हणजे उद्या यावंसं वाटतं. आयुष्यभर मी मुलांना दमेपर्यंत पळवत आलो. त्याच्या नेमकं उलट वागायला मला चोपन्नावं वर्ष लागलं.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. माझे गुडघे कुरकुरायचे, पोटऱ्या आखडायच्या. प्रल्हाद रोज विचारायचा, "सर, उद्या येता न? का सुट्टी टाकता?" कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचा टेम्पो रोज त्याच वेळी आमच्या बाजूने जायचा. बाया आधी नुसत्या बघायच्या. मग एक दिवस एकीने टेम्पोतून आवाज दिला, "ओ भाऊ, चालाचंच आहे तं वावरात या, काम बी होईन." प्रल्हादने तिला हात केला आणि मला म्हणाला, "खरं बोलून राह्यली ते."

सवयीच्या कामात तिसरा आठवडा वाईट असतो. नवेपण संपलेलं असतं आणि फरक दिसायला लागलेला नसतो. बहुतेक माणसं तिथे गळतात. आमचा तिसरा आठवडा मात्र वेगळ्या कारणाने वाईट निघाला, आणि ती चूक माझी होती.

आमच्या आखाड्यातल्या जुन्या वळणाचा एक नियम आहे, व्यायाम रिकाम्या पोटी. मी तोच डोळे मिटून प्रल्हादला सांगितला होता. त्या दिवशी त्याला लवकर फेरी मारायची होती, म्हणून त्याने साखरेची गोळी उठल्या उठल्या घेतली आणि तसाच आला. नाल्याच्या पुलापर्यंत गेलो आणि तो बोलता बोलता गप्प झाला. बघतो तर कडाक्याच्या थंडीत कपाळावर घाम, हात थरथरतायत. "सर, कसंतरी होऊन राह्यलं," एवढं म्हणून तो कठड्याला टेकून खाली बसला.

साखर एकदम उतरली की असं होतं, हे मला माहीत होतं. त्यावर तोंडात गोड घालायचं असतं, हेही माहीत होतं. माझ्या खिशात काही नव्हतं. पलीकडे दोन-तीनशे पावलांवर चहाची टपरी होती, तिची चूल नुकतीच पेटत होती. मी धावलो. लग्नानंतर पहिल्यांदा धावलो. टपरीवाल्याच्या डब्यात न विचारता हात घातला, मूठभर साखर घेतली आणि तसाच परत धावलो. वाटेत अर्धी सांडली. उरलेली त्याच्या तोंडात घातली, टपरीवाला मागून पाणी घेऊन आला. दहा मिनिटांनी प्रल्हादच्या चेहऱ्यावर रंग आला.

मला बोलता येत नव्हतं. छाती फुटेल असं वाटत होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, तुमाले पयताबी येते."

टपरीवाला हसला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते धापेचं समजून दोघांनी सोडून दिलं असावं. त्याच दिवशी मी त्याच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी मला सौम्य शब्दांत झापलं. गोळीची वेळ बदलून दिली, निघण्याआधी थोडं खायला सांगितलं, खिशात गूळ ठेवायला सांगितलं. तेव्हापासून पहाटे तो शोभाताईंच्या हातची अर्धी पोळी खाऊन येतो. त्या दिवशी प्रल्हादच्या घरी जाऊन मी त्यांना सगळं सांगून माफी मागितली. मला वाटलं, आता त्या नवऱ्याला पाठवायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमी होते म्हणून बरं झालं सर. एकटे असते तं?" माझ्या चुकीमुळेच ते झालं होतं आणि आभार मलाच मिळाले.

पौष महिन्यात एक दिवस प्रल्हाद म्हणाला, "सर, आयतवारी माया रस्त्यानं चला. तांड्यावर. चाहा पिऊन जीपनं वापस येऊ."

मी त्या वेळी त्या शाळेत सव्वीस वर्षं काढली होती. त्या तांड्यावरची कितीतरी मुलं माझ्या हाताखालून गेली. तो रस्ता मी एकदाही चाललो नव्हतो. आता डांबरी सडक झाली आहे, पण प्रल्हादने मला जुन्या वाटेने नेलं, तुरीच्या शेतांच्या धुऱ्यांवरून, नाल्याच्या दगडांवरून. पायात चांगले बूट, अंगात गरम कपडे, दोन महिन्यांची चालण्याची सवय, तरी मला दीड तास लागला. नाल्यात पाणी नव्हतं.

त्याची आई अंगणात बसली होती. ती गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, त्याला काहीतरी म्हणाली. तो हसून मला म्हणाला, "याडी विचारते, हेच का ते चकरावाले सर?"

म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी त्या तांड्यावर माझं हे नाव पडलं होतं. मी मान हलवली. म्हातारीने माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग धाकट्या सुनेला चहा ठेवायला सांगितला. चहा होईपर्यंत ती बोलत होती आणि प्रल्हाद अर्धं अर्धं मराठीत सांगत होता. शनिवारी ती पाचला उठायची. पण चूल पेटवून भाकर व्हायला वेळ लागायचा, आणि सर रागावतात म्हणून पोरगं थांबायचं नाही. म्हणून शनिवारी ती त्याला उपाशीच पाठवायची. इतर दिवशी नाही, फक्त शनिवारी.

मी आजवर स्वतःला सांगत आलो होतो की कडक शिस्तीने मुलांचं भलं होतं. त्या अंगणात मला ते पुन्हा सांगता आलं नाही. मी हात जोडले आणि म्हटलं, "आई, माझं चुकलं." ती काय म्हणाली ते प्रल्हादने सांगितलं नाही. तो म्हणाला, "चाहा घ्या सर, थंडा होते." चहासोबत ज्वारीची गरम भाकर आणि तिखटाचा ठेचा आला. मी सगळं खाल्लं. जीवनात इतकी चविष्ट आणि इतकी जड भाकर मी खाल्लेली नाही.

सोमवारी मी मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हटलं, शनिवारी चालत येणाऱ्या मुलांना कवायतीतून सूट द्यायची, त्यांचा व्यायाम रस्त्यातच झालेला असतो. ते म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा पाहिजे गुरुजी." मी म्हटलं, "रस्ता सगळ्यांना सारखा नाही सर." माझ्या तोंडून असं काही ऐकायची त्यांना सवय नव्हती. तरी ते म्हणाले, करून बघा. आता ती मुलं शनिवारी आली की आधी ओट्यावर बसून डबा खातात. मी फाटकात उभा असतो, पण कुणाला अडवत नाही. शिस्त बिघडेल अशी भीती होती. बिघडली नाही. उलट दोघं-तिघं आता खो-खोच्या सरावाला आपणहून थांबतात.

चैत्रात प्रल्हादच्या डोळ्यांची पुन्हा तपासणी होती. त्याच सुमारास परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचा दाखलाही लागणार होता. आदल्या दिवशी तो चालताना म्हणाला, "गाडी गेली तं मी काय करू सर? दुसरं काहीच येत नाही मले." मी म्हटलं, उद्या मीही येतो. धीर द्यायला माझ्याकडे खरं असं दुसरं काही नव्हतं. यवतमाळला मीही सोबत गेलो. शोभाताई बाकावर बसून पदराची गाठ बांधत आणि सोडत होत्या. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे औषधामुळे मिचमिचत होते. डाग वाढले नव्हते. साखर पुष्कळ खाली आली होती. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, गोळ्या चालू ठेवा, सहा महिन्यांनी परत या. गोळ्यांचा आणि शोभाताईंच्या स्वयंपाकाचा त्यात मोठा वाटा होता, चालण्याचा थोडा. पण तो थोडा वाटा मी माझ्या सगळ्या ढालींपेक्षा वर ठेवतो.

घरी येताना आनंदात होतो, पण आतून धास्ती होती. माझ्या धंद्यात एक गोष्ट नेहमी दिसते. रिपोर्ट वाईट असेपर्यंत माणूस चालतो. रिपोर्ट चांगला आला की बूट पलंगाखाली जातात. ज्याला सवय म्हणतात ती लागली की नाही, हे फक्त भीती संपल्यावर कळतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी टाकीजवळ उभा होतो. प्रल्हाद नव्हता. पावणेसहा झाले, तरी नव्हता. खिशात मोबाईल होता, पण लावला नाही. फोन करून बोलावलं असतं तर तो आलाही असता, पण ते माझ्यासाठी झालं असतं. मनाची समजूत घातली की पाच महिने चालला हेही कमी नाही. त्याने मला माफ केलं की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. पाच महिने रोज पहाटे त्याने मला आपल्या बाजूने चालू दिलं. तेवढ्यासाठीच मी त्याचा ऋणी आहे, असं मनाशी म्हणत घराकडे वळलो.

तेवढ्यात पुलाकडून कुणीतरी झपाझप येताना दिसलं. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"अरे, तू? कुठून?"

"साडेसहाले वरात घेऊन आर्णीले निंघाचं आहे सर. म्हणून साडेचारलेच निंघालो. तुमची झोप कायले मोडू म्हटलं."

"एकटाच गेलास?"

"एकटाच. पुलाच्या पलीकडे, मोठ्या निंबापर्यंत." तो थांबलाही नाही, चालता चालताच बोलत होता. "जातो सर, गाडी धुवाची आहे अजून. तुमी जा न, ऊन निंघाच्या आत."

तो गल्लीत वळला. मी तिथेच उभा राहिलो. माझं काम संपलं होतं. आता कुणासाठी चालायचं नव्हतं, कुणाला काही दाखवायचं नव्हतं, कुणाला टिकून दाखवायचं नव्हतं. घर दोन मिनिटांवर होतं, अंथरूण अजून उबदार असेल. परत गेलो असतो तर जगात कुणाला कळलं नसतं.

मी पुलाकडे चालायला लागलो. रस्ता रिकामा होता. पलीकडच्या पळसांची फुलं गळून गेली होती, नवी पानं फुटत होती. पुलावर रोजच्या जागी थांबलो, श्वास घेतला, आणि बोलता येतंय का ते बघायला स्वतःशीच दोन शब्द बोललो. येत होतं. मग निंबापर्यंत गेलो.